बर्फ हुरड्यात येतो तेव्हा

‘सातच्या आत घरात’ हा नियम लहानपणी किती जणींनी ऐकलाय? हात वर करा. (ओके, सगळ्याच!) त्या नावाचा सिनेमा २००४ साली आला, पण नियम सिनेमाच्या कितीतरी आधीचा. आज ज्या मुलीबद्दल सांगणार आहे तिलाही असाच एक नियम आहे. फक्त तो घरच्यांनी नाही, सूर्यानं घातलाय. आणि आकडा सात नाही, अकरा आहे. सकाळचे अकरा.

ही मुलगी म्हणजे माझी मावसबहीण, घरात सगळ्यांची ताई. शिक्षण इंजिनीअरिंग. नोकरी अमेरिकेत पोर्टलंडजवळ, चिप्सच्या कंपनीत (खायच्या नाही, कॉम्प्युटरमधल्या!). मूळ गाव दिंद्रुड, तालुका माजलगाव, जिल्हा बीड. आणि छंद? एप्रिल-मेमध्ये बर्फानं झाकलेल्या ज्वालामुखीवर पायी चढायचं आणि स्की करत खाली यायचं.

परत एकदा वाचा. ज्वालामुखी, बर्फ आणि दिंद्रुड. आमच्या मावशीच्या गावात बर्फ म्हणजे जत्रेतला रंगीत गोळा किंवा लग्नात पाण्याच्या टाकीत टाकायची लादी. एप्रिल उजाडला की पारा चाळिशीच्या पार. तिथल्या मुलीला हे वेड लागलं कसं, हा प्रश्न मलाही पडला होता. तो सुटला यंदा जानेवारीत. ताई महिनाभर सुटीवर आली होती आणि मी पुण्याहून हुरडा खायला दिंद्रुडला धडकले होते. पण तिथं पोचायच्या आधी हे प्रकरण नेमकं काय आहे ते समजून घेऊ.

सिनेमात दिसतं ते स्कीइंग म्हणजे केबल कारनं वर, घसरत खाली आणि मग हातात हॉट चॉकलेट. ताई करते त्याला म्हणतात स्की टूरिंग. इथं लिफ्ट नाही, आखलेली वाट नाही, पडलात तर शिट्टी वाजवत धावून येणारा गार्ड नाही. जेवढं खाली घसरायचं तेवढं आधी स्वतःच्या पायांनी चढायचं. हिशेब सरळ आहे. पाच-सहा तास घाम गाळा, तासाभराची मजा घ्या.

चढायचं कसं, यातलं तंत्र मात्र सॉलिड आहे. स्कीच्या तळाला ‘स्किन’ नावाची लांब पट्टी चिकटवतात. पूर्वी ती खरोखर सीलच्या कातडीची असायची, आता नायलॉनची किंवा मोहेरची असते. मोहेर म्हणजे अंगोरा बकरीचे केस. मांजराच्या पाठीवरून हात सुलटा फिरवला तर सरकतो, उलटा फिरवला तर अडतो ना? अगदी तोच फंडा. स्की पुढे सरकते, मागे घसरत नाही. चढताना बुटाची टाच मोकळी असते, म्हणजे चालता येतं. वर पोचलं की स्किन काढून सॅकमध्ये टाकायची, टाच स्कीला खटकन अडकवायची आणि निघायचं. सोबत हेल्मेट, बर्फाची कुऱ्हाड, बुटांना लावायचे काटे. आणि तीन गोष्टी ज्यांच्याशिवाय शहाणा माणूस पार्किंगमधून हलत नाही. सिग्नल देणारं बीकन, बर्फात खुपसून शोधायची लांब काठी आणि फावडं. कारण हिमस्खलनाखाली कुणी गाडलं गेलं तर त्याला जिवंत काढायला पहिली दहा-पंधरा मिनिटंच हातात असतात. मदत बाहेरून येईपर्यंत ती संपलेली असतात. म्हणजे वाचवणार कोण? सोबतचा मित्रच.

आता ज्वालामुखीच का? डोंगर काय कमी आहेत?

इथं थोडा भूगोल, पण घाबरू नका, परीक्षा नाही. आपला महाराष्ट्रही ज्वालामुखीनंच घडवलाय. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या लांबच लांब भेगांमधून लाव्हा बाहेर आला. तो पातळ होता, काकवीसारखा, त्यामुळे दूरवर पसरला. एकावर एक थर बसले. सह्याद्रीतल्या किल्ल्यांना पायऱ्या-पायऱ्यांचे कडे दिसतात ते हेच थर. ‘डेक्कन ट्रॅप’ या नावातला ट्रॅप म्हणजे सापळा नाही, जिना. मूळ शब्द स्वीडिश. तेव्हा आपल्याकडे अग्नी होता, पण टोकदार शंकू काही उभा राहिला नाही.

अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या डोंगरांचा स्वभाव वेगळा. तिथला लाव्हा बराचसा चिकट, चिक्कीच्या पाकासारखा. तो लांब वाहत नाही, तोंडाशीच साचतो, स्फोट होतात, राख आणि लाव्हाचे थर चढत जातात आणि एकटा, सुटा, उंच शंकू तयार होतो. माउंट रेनिअर ४,३९२ मीटर, अॅडम्स ३,७४३, हूड ३,४२९. आजूबाजूला जंगल, आणि जंगलाच्या वर झाड नाही की झुडूप नाही, सलग उघडा उतार. स्की करणाऱ्याला आणखी काय हवं? शिवाय शंकूला सगळ्या दिशांना उतार असतात. सकाळी पूर्वेकडचा बर्फ आधी नरम होतो, मग दक्षिणेचा, मग पश्चिमेचा. आपण फक्त उन्हाची वाट ओळखायची.

ताईचा लाडका डोंगर सेंट हेलेन्स. १८ मे १९८० ला सकाळी ८ वाजून ३२ मिनिटांनी याचा स्फोट झाला, ५७ माणसं गेली आणि डोंगराची उंची एका झटक्यात सुमारे ४०० मीटरनं कमी झाली. उत्तरेकडची बाजू उडाली आणि तिथं भलंमोठं विवर उघडलं. दक्षिणेची बाजू उभी राहिली. १९८७ मध्ये तिच्यावरून चढाई पुन्हा सुरू झाली. आज माथा २,५४९ मीटरवर आहे. वसंतात जुन्या लाव्हाच्या ओघळांवरून जाणारी वाट घेतात. जाऊन-येऊन १९ किलोमीटर आणि १,७०० मीटरहून जास्त चढ. आपलं कळसूबाई समुद्रसपाटीपासून १,६४६ मीटर उंच आहे, तेव्हा अंदाज घ्या. तिथं एका दिवसाचा नुसता चढच त्याच्यापेक्षा जास्त भरतो!

आणि आता मुद्द्याचं. वसंतच का? बर्फ हवा तर जानेवारीत जावं ना?

हाच प्रश्न जानेवारीत दिंद्रुडच्या शेतात मावशीच्या यजमानांनी, म्हणजे काकांनी विचारला. गोवऱ्यांच्या आगटीत ज्वारीची कणसं भाजत होती, काका हातावर चोळून दाणे काढून देत होते, सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. (डाएट गेलं चुलीत. अक्षरशः!) आणि ताई बर्फाबद्दल बोलत होती.

हिवाळ्यातला ताजा बर्फ भुसभुशीत, थरांचा, कधी कुठला थर सुटेल नेम नसतो. वसंतात काय होतं, दिवसा ऊन लागून बर्फ वितळतो, रात्री आभाळ मोकळं असलं की पुन्हा गोठतो. रोज वितळ, रोज गोठ. असं बरेच दिवस चाललं की बर्फाचे बारीक कण एकत्र येऊन गोल, जाड दाणे होतात. पहाटे ते एकमेकांना घट्ट चिकटलेले असतात, सगळा उतार काँक्रीटसारखा. त्यावर चढायला मस्त, घसरायला भयंकर. मग सूर्य वर येतो आणि वरचा दोन-चार सेंटिमीटरचा थर सुटा होतो. खाली टणक, वर दाणेदार. त्यावर स्की अशी वळते की बस्स! अमेरिकेत याला म्हणतात ‘कॉर्न’, मक्याच्या दाण्यासारखा बर्फ. जपानमध्ये म्हणतात ‘झारामे’, म्हणजे जाड दाण्याची साखर.

“आणि ऊन अजून चढलं की?” काकांनी विचारलं.

“मग चिखल अण्णा. पाय घोट्यापर्यंत जातो, मग गुडघ्यापर्यंत. पाणी आत मुरतं आणि ओला बर्फ सगळाच्या सगळा खाली सुटू शकतो.”

काकांनी हातातलं कणीस फिरवून बघितलं. “म्हंजे तुझा बर्फ हुरड्यात यायला लागतो म्हण की.”

ताई बघतच राहिली. तिनं इंग्रजीत या विषयावर ढीगभर वाचलंय, पण इतकं नेमकं तिला कुणी सांगितलं नव्हतं. ज्यांना हुरडा फक्त हायवेवरच्या बोर्डावर माहितेय त्यांच्यासाठी सांगते. ज्वारीचा दाणा आधी दुधात असतो, दाबला तर पांढरं पाणी निघतं. मग तो हुरड्यात येतो, मऊ, गोड, भाजल्यावर सुटा होणारा. मग निबर होतो, त्याची भाकरीच करायची. मधले थोडेच दिवस हुरड्याचे. आणि गंमत बघा, ही ज्वारी ज्या काळ्या जमिनीत नुसत्या मुरलेल्या ओलीवर येते ती काळी जमीन म्हणजे झिजलेला लाव्हाच. ताई जन्मापासून ज्वालामुखीवरच राहत होती, बर्फ तेवढा नंतर भेटला.

“आमच्या हुरड्याला आठ-दहा दिवस मिळतेत,” काका म्हणाले. “तुझ्या बर्फाला किती?”

“दिवस नाही, तास. कधी दोन, कधी एकच.”

म्हणून रात्री दोनला उठायचं, तीनला डोक्यावर दिवा लावून चढायला लागायचं. गोठलेल्या बर्फावर चढायचं, बर्फ हुरड्यात आला की उतरायचं, आणि अकराच्या आत खाली. हा अकराचा आकडा काही पोथीत लिहिलेला नाही. थंडीवाऱ्याच्या दिवशी तो बारा होतो, गरम दिवशी नऊ. आणि रात्री ढग असले तर? ढग म्हणजे गोधडी. जमिनीची ऊब वर जाऊ देत नाहीत, बर्फ गोठतच नाही. अशा दिवशी खरं तर घड्याळ सुरूच होत नाही.

इथपर्यंत मावशी गप्प होती. मग तिनं विचारलं, “आणि साडीचा फोटो कुठला होता?”

तर त्या फोटोची गोष्ट. सेंट हेलेन्सवर एक भन्नाट प्रथा आहे. मे महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी, मदर्स डेला, लोक फ्रॉक आणि गाऊन घालून चढतात. बाया चढतात, दाढीवाले बाप्येसुद्धा चढतात, फुलाफुलांचे झगे घालून! गेल्या मे महिन्यात ताईनं मावशीची जुनी इरकल पँटवरून गुंडाळली, पदर खोचला आणि निघाली. माथ्यावर फोटो काढायचा आणि आईला पाठवायचा असा प्लॅन. फोटो आला. मावशीनं तो अख्ख्या गल्लीला दाखवला. लेक सहलीला गेली होती, एवढंच तिला माहीत.

फक्त तो फोटो माथ्यावरचा नाही. माथ्याच्या साधारण २०० मीटर खालचा आहे.

त्या रात्री अंदाज मोकळ्या आभाळाचा होता, पण मध्यरात्रीनंतर ढग आले. पहाटे तीनला काठी टेकवली तर ती आत गेली. वर थंड असेल, वर टणक असेल, असं म्हणत चौघं चढत राहिले. साडेआठला ढग फाटले, ऊन पडलं. साडेनऊला बूट पोटरीपर्यंत जायला लागले आणि खडकांच्या खालून बर्फाचे गोळे आपोआप गडगडत यायला लागले. ओला बर्फ सुटण्याआधी असाच बोलतो. माथा समोर दिसत होता. दोघं म्हणाले, अजून अर्धा-पाऊण तास, काय होतंय? परमिट मोजकी मिळतात, रात्रभर गाडी चालवली, पुन्हा हा दिवस पुढच्या वर्षी.

पण आदल्या रात्री गाडीत ठरलं होतं. एकानं ‘नाही’ म्हटलं की चौघंही खाली, वाद नाही. ताईनं ‘नाही’ म्हटलं. तिथंच फोटो काढला आणि वळले. उतरणं भिकार झालं, ओल्या सिमेंटमध्ये स्की घातल्यासारखं. गुडघे आठवडाभर बोलत होते.

आणि डोंगरावर पुढे काय झालं? काहीच नाही. बर्फ सुटला नाही, कुणाला खरचटलंही नाही. वर गेलेले दुसरे ग्रुप दुपारी हसत-खिदळत खाली आले, माथ्यावरचे फोटो घेऊन. ताईच्या गाडीत परतीच्या वाटेवर तासभर कुणी बोललं नाही.

“म्हणजे उगाचच परतलात?” मी विचारलं. माझ्यासारख्या डेडलाइनवर जगणाऱ्या बाईला दुसरं काय सुचणार! आपल्याकडे रिझल्ट आला की निर्णय बरोबर, नाही आला की चूक. अप्रेझलच्या फॉर्ममध्ये ‘काहीच झालं नाही’ असा कॉलम कुठे असतो?

उत्तर काकांनी दिलं. “मे महिन्यात भर बाराला रानात राबणारा रोज मरत नसतो. म्हणूनच त्याला वाटतं आपलं बरोबर हाय.”

शेकोटीभोवती एकदम शांतता. काका उन्हाळ्यात अंधारातच शेतावर जातात आणि ऊन तापायच्या आत घरी येतात, सालगड्यालाही आणतात. गावात याला कुणी शिस्त म्हणत नाही. उन्हाशी वाद घालायचा नसतो, इतकंच.

खरं सांगायचं तर डोंगराचे सगळे धोके घड्याळानं टळत नाहीत. सेंट हेलेन्सच्या माथ्यावर विवराच्या बाजूला वारा बर्फाचा सज्जा बांधतो, त्याला कॉर्निस म्हणतात. वरून ती जमीनच वाटते, खाली हवा असते. मार्च २०२४ मध्ये या डोंगरावर अनेकदा चढलेला एक अनुभवी माणूस तिथून विवरात कोसळून गेला. ज्वालामुखी झोपला तरी श्वास घेतो. भेगांमधून गरम वायू येतो, वरचा बर्फ आतून पोखरतो. एप्रिल २००६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मॅमथ माउंटनवर अशाच एका तोंडाशी तीन स्की पेट्रोल कर्मचाऱ्यांचा जीव गेला. आणि शंकूची आणखी एक खोड म्हणजे वर सगळ्या वाटा जवळ असतात, खाली फाकत जातात. धुक्यात माथ्यावर दिशा थोडी जरी चुकली तरी पायथ्याशी तुम्ही पार भलत्याच दरीत. माउंट हूडवर यामुळे कित्येक जण हरवलेत, कारण सरळ खाली जाणारा उतार तिथं लॉजकडे जातच नाही, पश्चिमेच्या घळीत नेतो. ताईनं हे सगळं मावशीसमोर सांगितलं. काही लपवलं नाही. मला वाटलं, आता इथंच हा छंद संपला.

तुमच्यापैकी काहींच्या डोक्यात एव्हाना तिकिटांचे विचार सुरू झाले असतील, ओळखते मी तुम्हाला! तर सबुरीनं. भारतात बर्फाचा ज्वालामुखी नाही. आपला एकमेव जागा ज्वालामुखी अंदमानातलं बॅरन बेट, तिथं स्की नेऊन काय करणार? पण स्की शिकायची सोय आहे. गुलमर्गची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटेनिअरिंग आणि मनालीची अटलबिहारी वाजपेयी इन्स्टिट्यूट, दोन्हीकडे कोर्स होतात. आधी उतरायला शिका. मग हिमस्खलनाचा कोर्स करा, बीकन हातात घेऊन, नुसता व्हिडिओ बघून नाही. पहिले दोन-तीन सीझन जाणत्या गाइडबरोबरच काढा. त्यानंतर जग मोकळं आहे. सिसिलीत एटनावरून समुद्र बघत उतरता येतं, जपानमध्ये होक्काइडोला १,८९८ मीटरचा योतेई आहे, चिलीत २,८४७ मीटरचा विजारिका. (चिलीत वसंत सप्टेंबरमध्ये येतो हं, आणि विजारिका मधूनच धुमसायला लागला की बंदही असतो.) पण कुठंही जा, आधी एकच गोष्ट पक्की करा. कितीला वळायचं ते खाली असतानाच ठरवायचं. वर गेल्यावर माथा दिसतो, मग घड्याळ दिसत नाही.

आणि मावशी? ती रागावली नाही, रडलीही नाही. लग्नाचा विषयही काढला नाही, जे खरं तर जास्त भीतीदायक होतं. ताईचा फोन घेतला, तो इरकलीतला फोटो बोटांनी मोठा केला, मागचा पांढरा उतार बराच वेळ बघितला.

“हितं किती वाजले होते?”

“सकाळचे पावणेदहा.”

“आन् आपल्याकडं?”

“रात्रीचे सव्वादहा.”

मावशीनं बोटांवर हिशेब केला. तिथं उन्हाळ्यात सकाळचे अकरा वाजतात तेव्हा दिंद्रुडमध्ये रात्रीचे साडेअकरा होतात. सगळं गाव झोपलेलं असतं.

“बरं. जायचं तर जा,” ती म्हणाली. “पण उतरलीस की फोन करायचा. साडेअकरापर्यंत मी जागी राहीन. त्याच्या पुढं नाही जागवायचं मला.”

ताई फेब्रुवारीत परत गेली. जाताना सॅकमध्ये हुरड्याच्या दोन पिशव्या होत्या, वाळवलेल्या, आणि ती इरकल, या वेळी मावशीनं स्वतः घडी घालून दिलेली.